मोहखेडातील चिनी इसमांची यादी

मोहखेड तालुक्यात चिनी इसम किती आहेत, अशी विचारणा करणारे परिपत्रक ३० नोव्हेंबर १९६२ रोजी आमच्या तहसील कचेरीत पोचले. चीनशी चाललेले युद्ध त्याच्या नऊ दिवस आधी थांबले होते. परिपत्रकाच्या तळाशी नेहमीचे वाक्य होते : निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर देताच येत नाही तो माझ्या दृष्टीने प्रश्न नव्हे. कचेरीतील कारकून फुलचंद याची दृष्टी निराळी होती. दोन वर्षांपूर्वी टोळधाडीच्या परिपत्रकातही हेच वाक्य होते, आणि तालुक्यात एकही टोळ आलेला नसताना त्याने दोन टोळ कळवले होते. त्यांच्या बंदोबस्तासाठी वरून फवारणीचे एक यंत्र आले. ते अद्याप कचेरीच्या व्हरांड्यात उभे आहे. खऱ्या उत्तराला स्मरणपत्र येते आणि खोट्याला यंत्र येते, हा निष्कर्ष फुलचंदने त्यावरून काढला होता, आणि उपलब्ध पुराव्यावर तो चुकीचा म्हणता येत नव्हता.

तालुक्यात चिनी माणूस नव्हता. चिनी अन्न मात्र होते, आणि ते कापूस बाजाराच्या फाटकासमोर मिळत असे.

आठ फूट रुंद, चौदा फूट लांब, वर पत्रे, आत तीन बाकडी आणि एक चूल. चुलीवर पाण्याचे पातेले, पातेल्यावर एकावर एक ठेवलेल्या बांबूच्या तीन परड्या, आणि सर्वांत वर झाकणाऐवजी पालथी घातलेली पितळी परात. परड्या कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, जमनी विणून देई. बाहेर पाटी : 'आसाम चायना हॉटेल, मालक प्रेमसिंग'. प्रेमसिंग तीन मैलांवरच्या बंजारा तांड्यातला. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहिले. महायुद्धात त्याच अनुभवावर तो सैन्याची खेचरे हाकायला आसामात गेला, आणि युद्ध संपल्यावर तिथल्या एका बाजारगावात लियांग नावाच्या म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याच्या हाताखाली अकरा वर्षे राहिला. १९५७ साली परतला तेव्हा त्याच्याजवळ एक परडी आणि एक विद्या होती.

त्या पदार्थाला चिनी भाषेत काय म्हणतात ते प्रेमसिंगने गावाला सांगून पाहिले. गावाने ते स्वीकारले नाही. प्रेमसिंगची बायको हंसाबाई हिने पहिल्याच दिवशी त्याला 'कोथळी' म्हटले. तांड्यातल्या बाया आरशांच्या भरतकामाची, नाडीने तोंड आवळायची पिशवी कमरेला लावतात, तिचे हे नाव. कणकेची पातळ पारी, आत खिमा, कांदा आणि लसणाची पात, आणि वर अठरा चुण्या घालून आवळलेले तोंड. साम्य अचूक होते.

कोथळीच्या आत रस असे. बंद पारीत पातळ रस शिरतो कसा, याचा मी दोन हिवाळे विचार केला. उत्तर साधे निघाले. हाडांचा काढा गारठ्यात ठेवला की गोठतो. गोठलेल्याचे तुकडे खिम्यात मिसळायचे, वाफेने ते पुन्हा वितळतात. त्यामुळे रसाची कोथळी आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीतच शक्य होती. उन्हाळ्यात ती कोरडी असे आणि गिऱ्हाईक ती सहानुभूतीने खात असे.

खाण्याची पद्धत गावाने स्वतः बसवली होती. कापसाच्या गाड्या घेऊन येणारे शेतकरी घरून ज्वारीची भाकर बांधून आणत, कोथळी भाकरीवर फोडत, रस भाकरीत जिरू देत आणि वरून मिरचीचा ठेचा घेत. "भाकरीबिगर जेवन कसं व्हते?" हा त्यांचा सवाल होता. प्रेमसिंग सुरुवातीला कळवळून सांगे, "अजी, अख्खी तोंडात टाका, अख्खी!" ज्यांनी त्याचे ऐकले त्यांची जीभ भाजली. तेव्हापासून त्याने सांगणे सोडले.

निरंक अहवाल टाळण्यासाठी फुलचंदने यादीत लिहिले : अनुक्रमांक एक, प्रेमसिंग, राष्ट्रीयत्व चिनी, व्यवसाय हॉटेल.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. या वेळी यंत्र नव्हते. सदर इसमास ३१ डिसेंबरपर्यंत पोलीस बंदोबस्तात राजस्थानातील छावणीकडे रवाना करावे आणि त्याचे हॉटेल मोहोरबंद करावे, असा हुकूम होता. हरकत असल्यास तीन सदस्यांच्या समितीने जन्म, वंश आणि आचरण या तीन मुद्द्यांवर अहवाल द्यावा. तहसीलदार साहेबांनी समिती नेमली : नागरिक संरक्षण मंडळाचे अध्यक्ष वामनराव, विज्ञानाचा जाणकार म्हणून मी, आणि सचिव फुलचंद. ज्या नोंदीची चौकशी करायची ती आपणच केलेली आहे, यात फुलचंदला अडचण दिसली नाही, उलट सोय दिसली.

कचेरीत बसायला जागा नव्हती, म्हणून समितीची पहिली बैठक प्रेमसिंगच्या हॉटेलात झाली.

वामनराव सव्वाशे एकर कपाशीचे धनी, आणि या हॉटेलचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. रोज बारा कोथळ्या खात. युद्ध सुरू होताच त्यांनी जाहीर सभेत चीनचा निषेध केला आणि बाराच्या सहा केल्या.

"देशासाठी एवढं तं करा लागते," ते बाकड्यावर बसत म्हणाले. "प्रेमसिंग, सहाच आन. पन मोठ्या पाहून आन."

"वामनभाऊ," प्रेमसिंगने परात उचलली, वाफेत त्याचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. "मी चिनी हाय का? तुमी तं मले लहानपनापासून पाह्यलं."

"मी पाह्यलं. पन सरकारनं नाई पाह्यलं नं."

मी सरळ मार्ग सुचवला. "फुलचंद, नोंद चुकीची आहे. खोडून टाक."

"खोडता येत नाई, मास्तर." त्याने दप्तरातून एक छापील कागद काढला. "एकदा यादी गेली का तिच्यातून कमी करायचा नमुनाच नाई. हा पाहा, नमुना ब. 'यादीतील वाढ'. वाढवता येते. कितीबी."

"पण चूक झाली तर?"

"चुकीचा बी नमुना नाई."

म्हणून पहिला मुद्दा, जन्म. प्रेमसिंगचा जन्म कुठे झाला, असे फुलचंदने विचारले.

"रस्त्यात," हंसाबाईने चुलीपाशी बसून, हात न थांबवता उत्तर दिले. ती कोथळ्यांच्या चुण्या घालत होती. "सासू सांगे. बोरी अरब मांगं पडलं व्हतं आन कळंब यायचं व्हतं."

"कोन्त्या गावच्या हद्दीत?"

"बैल चालून राह्यले व्हते, बाबू. हद्द कोन पाह्यते? बैल थांबवले, पोरगं झालं, बैल हाकलले."

फुलचंदने लिहिले : जन्मस्थान अनिश्चित.

"अनिश्चित म्हणजे चीन नव्हे," मी म्हणालो.

"तसं नका म्हनू, मास्तर," वामनराव तिसरी कोथळी उचलत म्हणाले. "चीनची बी हद्द कुठं हाय हे अनिश्चितच हाय. भांडन त्याच्यावरूनच तं झालं."

जन्माचा मुद्दा प्रेमसिंगच्या विरुद्ध गेला.

दुसऱ्या बैठकीत आचरण होते. 'भाषा, वेश, अन्न यांपैकी कोणतेही एक चिनी असल्यास आचरण चिनी समजावे,' अशी व्याख्या हुकुमातच होती. भाषा आणि धोतर यांबद्दल वाद नव्हता. अन्नाबद्दल निर्णय देण्यासाठी मी शाळेचा तराजू घेऊन गेलो. एक कोथळी घेतली, तिचे घटक वेगळे केले, प्रत्येकाचे वजन केले आणि प्रत्येकाचे मूळ विचारले. कणीक वामनरावांच्या शेतातल्या गव्हाची. खिमा मोहखेडच्या बोकडाचा. कांदा, लसणाची पात स्थानिक. मीठ, तेल, मिरची बाजारातली. पाणी विहिरीचे, जळण बाभळीचे, परडी जमनीची. मी निष्कर्ष सांगितला : कोथळीच्या कोणत्याही घटकात चिनीपणाचा अंश आढळत नाही.

मला हा निष्कर्ष निर्णायक वाटला होता.

वामनरावांनी तराजूतल्या कोथळीकडे दुःखाने पाहिले. ती आता खाण्याजोगी राहिली नव्हती. "मास्तर, गहू माह्या वावरातला. त्याच गव्हाची पोळी माह्या घरी होते. ते अशी काहून नाई लागत?"

"कृतीमुळे."

"मंग चीन कृतीत असन."

तर्क निर्दोष होता, आणि मी त्याला स्वतःच्या हाताने वाट करून दिली होती. आता मागे फिरणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. कृती कुणाची, हे पाहणे भाग पडले. काढा प्रेमसिंग करी, पण काढा घरोघरी होतो. खिमा तो कुटे, तोही घरोघरी कुटतात. जे मोहखेडात दुसरीकडे कुठेच होत नव्हते ते म्हणजे अठरा चुण्यांचे तोंड. त्या चुण्या पाच वर्षांपासून हंसाबाई घालत होती, कारण भरतकामाची बोटे तिची होती.

फुलचंदने नमुना ब पुढे ओढला. अनुक्रमांक दोन, हंसाबाई.

"बाप्पा!" हंसाबाई उठून उभी राहिली. "मले कायले? मी तं आसाम बी पाह्यलं नाई! मास्तर, हे तुमच्या तराजूनं झालं बरं. येताना एक चिनी व्हता, आता दोन झाले. अजून एकडाव तोलता का?"

मी तराजू पेटीत घातला. विज्ञानाने यादीत पन्नास टक्के भर घातली होती असे मी त्या क्षणी मनाशी म्हणालो, आणि लगेच दुरुस्ती केली : शंभर टक्के.

इतर दोघे गेल्यावर मी थांबलो. प्रेमसिंग भांडी घाशीत होता. खाली पाहूनच त्याने विचारले, "मास्तर, त्या छावनीत आसामातले चिनी असतीन का?"

"असतील. त्या बाजूचे पुष्कळ लोक नेले आहेत, असे वर्तमानपत्रात होते."

"लियांग वस्ताद दरसाल दिवाळीले कार्ड धाडे. कोनाकडून हिंदीत लिहून घे. यंदा आलं नाई." त्याने परात पालथी घातली. "एक मन म्हनते, जातो. तिथं असन तं म्हाताऱ्याले रांधून घालीन. त्यानं मले अकरा वर्षं घातलं."

"अन् असला नाई तं?" हंसाबाई म्हणाली. "तिकडं तुमी, इकडं कुलूप, अन् आता मलेबी नेतीन. वस्तादाले चिठ्ठी लिवा. मानूस धाडायची काय गरज?" मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, वंशाचं राह्यलं नं अजून? भाट बोलवते. आमची सात पिढ्यांची नावं त्याच्या तोंडात हायेत. त्याच्यात एक बी चिनी निंघाला तं मी सोता राजस्थानात जाईन."

ही कल्पना मला आवडली. लेखी दप्तर नसलेल्या समाजात वंशावळीचा पाठ हा त्यातल्या त्यात बरा पुरावा होता.

रामलाल भाट तीन वर्षांतून एकदा तांड्यांवर फिरे. प्रत्येक घराची वंशावळ त्याला तोंडपाठ होती, आणि लग्न जुळवताना दोन्ही घरे कुठे एक होतात हे त्याच्याच शब्दावर ठरे. तो आला म्हणून तांड्याचा नायक देवसिंग आला, नायक आला म्हणून सगळा तांडा आला. तिसरी बैठक त्यामुळे हॉटेलसमोरच्या मोकळ्या जागेत, गाड्या बाजूला करून भरली. रामलालला आधी जेवू घातले. त्याने चौदा कोथळ्या खाल्ल्या, अख्ख्या, जीभ न भाजता. हे पाहून प्रेमसिंगच्या डोळ्यांत पाणी आले. पाच वर्षांत असे कुणी खाल्ले नव्हते.

भाटाने पागोटे सारखे केले, कानावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. पहिल्या तीन पिढ्या व्यवस्थित पार पडल्या. नावे, बैलांची संख्या, वाहिलेले मीठ. एकही चिनी नव्हता. मी फुलचंदकडे समाधानाने पाहिले.

भाटांच्या परंपरेचा एक नियम मला त्या वेळी ठाऊक नव्हता. हयात यजमानाचा कोणताही पराक्रम निराधार सोडायचा नसतो. यजमानाने विहीर खोदली असेल, तर कुणातरी पूर्वजाने तलाव बांधलेला असावा लागतो. ज्या विद्येला पूर्वज नाही ती चोरलेली ठरते, आणि चोर यजमानाकडे जेवलेला भाट स्वतः बाटतो. रामलाल नुकताच चौदा कोथळ्या जेवला होता.

चौथ्या पिढीत भीमा नायक आला. सातशे बैल, सातशे घंटा, पाठीवर सांभर सरोवराचे मीठ. तो दिल्लीला थांबला नाही. बर्फाचे डोंगर त्याने बैलांसह ओलांडले. चीनच्या राजाच्या दारात बैल सोडले. राजा म्हणाला, तुझे मीठ खाल्ले, आता तू माझे खा. राजाने आपल्या हाताने भीमा नायकाला कोथळी भरवली, राजाच्या लेकीने त्याला वरले, आणि तिच्या पोटी जो वंश वाढला त्याचा दिवा आज मोहखेडच्या बाजारात तेवतो आहे.

तांडा धन्य झाला. म्हातारे रडले. हंसाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"भाटबा!" ती ओरडली. "कमी गा की जरा! आमाले वाचवाले बोलावलं का बुडवाले?"

"याडी, माय, खाल्ल्या मिठाले जागलो," रामलाल म्हणाला. आणखी दोन कडवी त्याच्याजवळ होती आणि तीही त्याने गायली.

फुलचंदची लेखणी थांबली नव्हती. मी उठलो. शांतपणे सांगितले की वर्णन केलेला मार्ग सातशे बैलांनी ओलांडणे शक्य नाही, त्या उंचीवर चारा नाही, आणि मीठ तर तिकडे तिबेटातही मिळते. "हे कडवे खोटे आहे. तेवढे वगळा, बाकी वंशावळ ग्राह्य धरा."

देवसिंग नायक सावकाश पुढे आला. सत्तरीचा, उंच, कानात बाळ्या. "मास्तर, विचार करून बोला. भाटाचं एक कडवं खोटं म्हटलं तं दुसरं खरं कायच्यानं? याच्याच तोंडावर आमी पोरी दिल्या, पोरी केल्या. हे खोटं तं आमच्या साऱ्या सोयरिकी खोट्या. उद्या कोन कोनाचा भाऊ निंघन अन् कोन कोनाची बायको, सांगता येत नाई."

"पण मग तुम्ही सगळे चिनी ठरता."

नायकाने मागे वळून तांड्याकडे पाहिले. तांड्याने मान हलवली. "सोयरिकी मोडन्यापरीस चिनी बरे," तो म्हणाला. "लिव, बाबू."

प्रेमसिंगखेरीज भीमा नायकाचे हयात वंशज दोनशे चौदा निघाले. प्रेमसिंग आणि हंसाबाई धरून एकूण दोनशे सोळा. फुलचंदने 'नमुना ब'च्या आणखी प्रती मागवल्या.

त्या आठवड्यात मी वर्गात चुकीचे शिकवले नाही, पण लक्ष नव्हते. चौकशी सुरू झाली तेव्हा एका माणसाला जायचे होते. माझ्या पद्धतीने दोन झाले, हंसाबाईच्या पुराव्याने दोनशे सोळा. दर पायरीला आम्ही संख्या कमी करू पाहत होतो, आणि दर पायरीला ती वाढत होती. ज्या यंत्रात फक्त भर घालता येते त्यातून वजाबाकीची अपेक्षा ठेवणे ही माझी चूक होती, फुलचंदची नव्हे. पातेल्यावर झाकण दाबून वाफ कमी होत नाही. आच वाढवली तर झाकणच उडते.

एकतीस डिसेंबरला पाच दिवस उरले असताना चौथी बैठक भरली. मी आचरणाची व्याख्या पुन्हा वाचून दाखवली. भाषा, वेश, अन्न यांपैकी कोणतेही एक.

"वामनराव, आपण हे अन्न किती वर्षे घेता?"

"पाच." मग त्यांचा घास थांबला. "म्हंजे? मास्तर, मी संरक्षण मंडळाचा अध्यक्ष हाय!"

"अध्यक्षांना वगळण्याची तरतूद आहे का, फुलचंद?"

फुलचंदने हुकूम उलटसुलट पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला, तो मी फक्त चांगल्या गणितज्ञांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. "तरतूद नाई, मास्तर."

"अबे, मी बाराच्या सहा केल्या!"

"मग पन्नास टक्के चिनी," मी म्हणालो. "नमुन्यात अपूर्णांकाला जागा नाही. पूर्ण धरावे लागेल."

वामनरावांनी चुलीकडे पाहत हळूच विचारले, "अन् माहं नाव नाई टाकलं तं?"

"तर यादी नेण्याजोगी राहते आणि प्रेमसिंग सोमवारी जातो."

"म्हंजे हे बंद?"

"हे बंद."

त्यांनी उरलेली कोथळी तोंडात टाकली. अख्खी. "लिव," ते रस गिळत म्हणाले. "पन आडनावासकट लिव. वामनराव तालुक्यात सतरा हायेत. उगाच दुसऱ्याले मान नको जायले."

त्यानंतर काम वेगाने झाले. जिनिंगचे हमाल, गाडीवान, मापारी, दवाखान्याचे कंपाउंडर, शाळेचे मुख्याध्यापक. दर शनिवारी डबा मागवणारे तहसीलदार साहेब अनुक्रमांक पाचशे नऊवर आले. यादीवर त्यांनी न वाचता सही केली, कारण वाढीला मंजुरी लागत नाही, फक्त सही लागते. अनुक्रमांक एक हजार एकशे सत्तावीस फुलचंद. एक हजार एकशे अठ्ठावीस मी. यादीसोबत मी समितीचा एका वाक्याचा अहवाल जोडला : वरील सर्व इसम जन्म, वंश किंवा आचरण यांपैकी एका तरी मुद्द्यावर प्रेमसिंग याच्याइतकेच चिनी आहेत. हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

एकतीस डिसेंबरला एक हवालदार आला. एक हजार एकशे अठ्ठावीस माणसांच्या बंदोबस्ताला त्याच्यासोबत दुसरा कुणी नव्हता. त्याने सहा कोथळ्या खाल्ल्या आणि तो परत गेला. फुलचंदने त्याचे नाव विचारून घेतले.

उत्तर जानेवारीच्या अखेरीस आले. एवढ्या इसमांसाठी छावणीत जागा नसल्याने त्यांना पुढील हुकुमापर्यंत आहेत तिथेच ठेवावे. दर बाजाराच्या दिवशी सोयीच्या ठिकाणी त्यांची हजेरी घ्यावी. आणि नियमानुसार अशा इसमांना त्यांच्या सवयीचे अन्न मिळण्याची व्यवस्था असावी, म्हणून तालुक्यात चिनी हॉटेल असल्यास ते कोणत्याही परिस्थितीत बंद होऊ देऊ नये.

सोयीचे ठिकाण एकच होते. तीन बाकड्यांवर एका वेळी बारा चिनी बसतात. बाजाराच्या दिवशी सकाळपासून रांग लागे. फुलचंद दारात वही घेऊन बसे, नाव पुकारी, माणूस "हजर" म्हणे आणि आत जाई. वामनराव पुन्हा बारावर आले होते. "आता कायद्यानंच खा लागते," ते रांगेतल्या लोकांना सांगत. "माह्या हातात काय हाय?"

पहिल्या हजेरीच्या दिवशी गर्दी ओसरल्यावर प्रेमसिंग फुलचंदसमोर येऊन उभा राहिला. "बाबू, मी आता सरकारी कागदावर चिनी हाय नं? मंग एका चिन्याले दुसऱ्या चिन्याले चिठ्ठी धाडता येते का?"

मनाई नव्हती. पत्र मी लिहिले, हिंदीत, छावणीच्या पत्त्यावर, लियांग आचारी, आसाम, अशा त्रोटक नावाने. मजकूर प्रेमसिंगने सांगितला : वस्ताद, दुकान चालू आहे, तुम्ही आहात का. हंसाबाईने पत्रासोबत एक रिकामी कोथळी दिली. वाफवून, उन्हात कडक वाळवून, काड्यापेटीत कापूस घालून बसवलेली. "त्याले म्हना, चुण्या पाहा. पाच वर्षांपासून कोनी पाह्यल्या नाई." बंद करण्यापूर्वी मी चुण्या मोजल्या. अठरा होत्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड आले. तपासणीचा शिक्का होता आणि हिंदी अक्षर दुसऱ्या कुणाचे तरी होते. मी मोठ्याने वाचले. प्रेमसिंग परडी हातात धरून उभा होता आणि ती खाली ठेवायचे त्याला सुचले नाही. वस्ताद होते. प्रकृती ठीक होती. इथे बटाटे फार देतात, असे लिहिले होते. खाली एकच ओळ आणखी : चुण्या सतरा आहेत. एक कमी.

"अठरा होत्या," मी म्हणालो. "मी स्वतः मोजल्या आहेत. टपालात एक दबली असावी."

हंसाबाईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पदराला हात पुसले, कणकेचा गोळा पुढे ओढला आणि पारी लाटली.

"वस्ताद खोटं बोलन का?" ती म्हणाली. "बसा मास्तर. मोजा."